बेवड खरा की पाऊस खरा?

शिकण्याचं पान



पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत हे पान तुमच्या हातात पडावं, अशी माझी धडपड होती. एकदा वखर चालू झाला की तुम्हाला कुठली वाचायला सवड! मागच्या वेळी आपण कर्जाच्या व्याजाचा हिशेब शिकलो. या वेळी शेताचा हिशेब शिकू. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण हा धडा मला त्या चुकीतूनच मिळाला.

कामावर लागले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आपल्या एका गटातल्या ताईंनी सालोसाल कापसावर कापूस घेणं थांबवलं. एका तुकड्यात एक वर्ष सोयाबीन आणि त्यावर हरभरा घेतला. पुढच्या खरिपात तिथं कापूस लावला आणि तो चांगला आला. मी लगेच फोटो काढला, यशोगाथा लिहिली आणि गावोगावच्या बैठकीत सांगत सुटले : पिकांची फेरपालट करा, उत्पन्न वाढतं. शेजारच्या गावातल्या आठ जणींनी माझं ऐकलं. एकीने तर गटातून अंतर्गत कर्ज उचलून बियाणं आणलं.

त्यांचं कापसाचं वर्ष आलं आणि पावसाने मध्येच दडी मारली. मग बोंडं फुटायच्या वेळी झोडपलं. माल कमी निघाला. घरोघरी बोलणी बसली ती बायांनाच. “गटात जाऊन हे शिकून आली!” पुढच्या बैठकीत कर्ज घेतलेल्या ताई मला म्हणाल्या, “मॅडम, तुमचा बेवड कुठं गेला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी वसतिगृहातली मैत्रीण संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आहे. तिचा विषयच मुळी पिकांची फेरपालट आहे. रात्री तिला फोन करून सगळं सांगितलं. तिने मला धीर दिला नाही. एकच प्रश्न विचारला : “त्याच वर्षी, त्याच शिवारात, कापसावर कापूस घेणाऱ्यांना किती निघाला?”

मला माहीत नव्हतं. कुणीच वजन लिहून ठेवलं नव्हतं. कदाचित त्यांना याहूनही कमी निघाला असेल. म्हणजे बेवडाने त्या आठ जणींना थोडंफार तारलंही असेल, पण ते सांगायला पुरावा कुठं होता? आणि ज्या ताईंची मी यशोगाथा लिहिली होती, त्यांचा तो तुकडा नाल्याकाठचा होता. माती खोल, वर त्याच वर्षी शेणखत पडलेलं. कापूस कशामुळे आला? बेवडामुळे, खतामुळे, मातीमुळे की पावसामुळे? तेव्हाचं कौतुकही अंदाजाने आणि नंतरचा दोषही अंदाजाने. दोन्ही वेळा मापच नव्हतं.

आधी बेवड म्हणजे काय ते बघू

हा शब्द तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. आधीच्या पिकाने जमीन कशी ठेवली, तो तिचा बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं आपल्या सासवा-आजेसासवा सांगत आल्या. त्यात तथ्य आहे. हरभरा, तूर, मूग, सोयाबीन यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देतात. गळलेला पालापाचोळा आणि मागे राहिलेली मुळं कुजली की त्यातला काही भाग पुढच्या पिकाला मिळतो. शेंगांबरोबर बराच नत्र शेतातून बाहेरही जातो, म्हणून तूर घेतली की खतच नको, असं मात्र समजू नका.

दुसरं कारण रोगाचं. एकच पीक वर्षानुवर्षं घेतलं की त्या पिकावर जगणारी बुरशी आणि कीड जमिनीत मुक्काम ठोकते. मध्ये दुसरं पीक आलं की तिला खायला मिळत नाही. तिसरं कारण मुळांचं. तुरीचं सोटमूळ खोल जातं, ज्वारीची तंतुमुळं वरच्या थरात पसरतात. पिकं बदलली की जमिनीचे वेगवेगळे थर वापरले जातात.

म्हणजे बेवड असतो. पण आपल्या शिवारात, आपल्या मातीत त्याने किती किलोचा फरक पडतो? हे कारणं सांगून कळत नाही. त्याला मोजावंच लागतं.

मोठमोठे शास्त्रज्ञही इथंच अडले होते

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचं ठिकाण आहे. तिथं १८४३ साली जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट या दोघांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो अजून चालू आहे! त्यातल्या एका पट्ट्यात कसलंच खत न घालता गहू घेतात. तिथं एकरी साधारण चार क्विंटल उतारा पडतो.

त्यांनी १८४८ साली दुसऱ्या एका शेतात फेरपालटीचा प्रयोग लावला. पहिल्या वर्षी सलगम, दुसऱ्या वर्षी सातू, तिसऱ्या वर्षी शेंगवर्गीय पीक किंवा पडीक, चौथ्या वर्षी गहू. शेंगवर्गीय पीक म्हणजे घेवड्याच्या जातीचं किंवा आपल्या बरसीमसारखा चारा. सगळे मिळून सहाच तुकडे. हा प्रयोग शंभर वर्षं चालला, पण त्यात एक खोट होती. सगळ्या तुकड्यांचा फेरा एकाच वेळी फिरायचा. म्हणजे गव्हाचं वर्ष आलं की गहू, पुढचा गहू थेट चार वर्षांनी. मधल्या तीन पावसाळ्यांत गहू कसा आला असता, ते कळायला मार्गच नाही. यंदाचा गहू मागच्या फेऱ्यापेक्षा बरा आला, तर जमीन सुधारली म्हणायचं की पाऊस बरा झाला म्हणायचं?

माझ्या आठ ताया आणि ही साहेब मंडळी एकाच खड्ड्यात पडली होती की नाही सांगा!

पुढे १९१९ साली रोथॅमस्टेडमध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती आला. सत्तरहून जास्त वर्षांच्या नोंदवह्या तिथं साठल्या होत्या. त्या वह्यांतून त्याने पावसाचा वाटा किती आणि बाकी कारणांचा किती, हे वेगळं करायचा मार्ग शोधला. शेतीचा प्रयोग कसा मांडावा, याचे नियमही त्यानेच घालून दिले. सोप्या भाषेत ते असे :

एक, तुलना हवी. नवीन पद्धतीच्या बाजूला जुनी पद्धत त्याच वर्षी असलीच पाहिजे.

दोन, एका तुकड्यावर भरवसा नको. तोच प्रयोग अनेक तुकड्यांत करा.

तीन, कुठल्या तुकड्यात काय घ्यायचं ते आपल्या मनाने ठरवू नका, चिठ्ठी टाका. मनाने ठरवलं की चांगला तुकडा आपोआप आवडत्या पद्धतीकडे जातो. माझ्या यशोगाथेत नाल्याकाठच्या तुकड्याचं हेच झालं होतं.

फेरपालटीसाठी नंतरच्या संख्याशास्त्रज्ञांनी चौथा नियम पक्का केला : फेऱ्यातलं प्रत्येक पीक दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तुकड्यात उभं असावं. तीन वर्षांचा फेरा असेल तर तीन तुकडे, आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या पिकाने. मग पाऊस कसाही पडो, तो सगळ्या पिकांना सापडतो.

हे ज्ञान साता समुद्रापलीकडेच राहिलं, असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्यात शिकले, मग लंडनला गेले. तिथं १९३६ साली संख्याशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी देशात पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत बसवायला मोठा हातभार लावला. पीकविम्याच्या वेळी गावात साहेब येतात, चिठ्ठीसारख्या पद्धतीने शेत निवडतात, ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापतात आणि मोजतात. तुम्ही पाहिलंच असेल. त्यामागे हेच शास्त्र आहे.

सरासरी सांगते अर्धंच

माझी मैत्रीण आता नेमकं काय करते? देशोदेशीच्या जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून ती दोन गोष्टी तपासते. फेरपालटीने उत्पन्न वाढलं का, हा एक प्रश्न. वाईट वर्षात ते कमी कोसळलं का, हा दुसरा. ‘शाश्वत शेती’ हा शब्द आपण प्रशिक्षणात दहादा ऐकतो. त्याचा मोजता येणारा अर्थ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

समजा, दोन ताया आहेत. पहिलीला चार वर्षांत एकरी ९, ३, १० आणि २ क्विंटल कापूस झाला. दुसरीला ६, ५, ७ आणि ६. बेरीज करा. दोघींची २४, दोघींची सरासरी ६. पण बँकेचा हप्ता सरासरीवर भरता येत नाही, तो दर वर्षी भरावा लागतो. २ क्विंटलच्या वर्षी पहिली ताई सावकाराच्या दारात उभी राहील. दुसरी कशीबशी का होईना, निभावून नेईल.

अमेरिका आणि कॅनडातल्या ११ दीर्घकालीन प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथं फेऱ्यात जास्त प्रकारची पिकं होती, तिथं मक्याचं उत्पन्न सरासरी सुमारे २८ टक्क्यांनी जास्त आलं आणि दुष्काळी वर्षांतलं नुकसान कमी झालं. रोथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉकमध्येही १९६८ पासून काही भागात फेरपालट सुरू केली. तिथं दुसऱ्या पिकानंतर येणारा पहिला गहू गव्हावरच्या गव्हापेक्षा चांगला येतो, कारण मुळं कुजवणारा रोग कमी पडतो.

पण तायांनो, हे आकडे मक्याचे आणि गव्हाचे आहेत, तिकडच्या मातीतले आहेत. ते वाचून कुणी आपल्या कपाशीत २८ टक्के वाढ धरू नका. मी एकदा ती चूक करून बसले आहे. आपल्याला आपला आकडा काढायचा आहे.

आपला प्रयोग : पाच-पाच गुंठे

एका गावातून दहा जणी लागतील. प्रत्येकीने सारख्या मातीचे फक्त दहा गुंठे निवडायचे. बाकी शेतात घरच्यांचं ठरलेलं चालू द्या. या प्रयोगासाठी गटातून कर्ज घ्यायचं नाही, हा नियमच समजा. नुकसान झालं तर ते पाच गुंठ्यांचंच असावं.

१. दहा गुंठ्यांचे पाच-पाच गुंठ्यांचे दोन भाग करा. जमीन उताराची असेल तर भाग असे पाडा की वरची आणि खालची माती दोन्ही भागांना सारखी मिळेल. एका भागाला सगळी वरची आणि दुसऱ्याला सगळी खालची, असं नको. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका.

२. चिठ्ठी टाका. ती घरातल्या लहान मुलीला काढू द्या. एका भागात पहिल्या वर्षी सोयाबीन आणि ओल असेल तर त्यावर हरभरा. दुसऱ्या भागात नेहमीसारखा कापूस. चिठ्ठी निघाल्यावर अदलाबदल नाही.

३. दुसऱ्या वर्षी दोन्ही भागांत कापूस. एकच वाण, एकाच दिवशी लावण, सारखं अंतर, सारखं खत, सारखं निंदण, सारखी फवारणी. तुरीची तासं टाकत असाल तर दोन्हीकडे सारखी. “हा भाग बरा दिसतोय, इकडे थोडा युरिया जास्त टाकू” असं केलं की प्रयोग तिथंच संपला.

४. दहाही जणींनी एकाच वर्षी सुरुवात करायची नाही. पाच जणी यंदा, पाच जणी पुढच्या वर्षी. म्हणजे कापसाची तुलना दोन वेगवेगळ्या पावसाळ्यांत होईल. रोथॅमस्टेडची खोट आपण अशी टाळू.

५. दर वेचणीला दोन्ही भागांचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधा, ताणकाट्याने मोजा आणि तिथंच धुऱ्यावर लिहा. घरी जाऊन लिहू म्हणलं की विसर पडतो. एकरी सहा क्विंटल धरले तर पाच गुंठ्यांत ७५ किलो होतात. तेवढं मोजणं अवघड नाही.

६. वहीत सहा रकाने आखा : तारीख, भाग (फेरपालट की कापसावर कापूस), वजन, खर्च, मजुरीचे दिवस, पाऊस. मजुरीत स्वतःचे दिवसही लिहा. आपली मजुरी आपणच धरली नाही तर कोण धरणार?

कापसाची तुलना दुसऱ्या वर्षी होईल, पण पैशाचा हिशेब दोन्ही वर्षांचा करा. पहिल्या वर्षी सोयाबीन-हरभऱ्याचे किती आले आणि तेव्हा कापसाचे किती आले असते, तेही मांडा. नाहीतर दुसऱ्या वर्षी पाच किलो वाढले म्हणून आनंद करू आणि पहिल्या वर्षी हजार रुपये गेले ते दिसणारच नाही.

एक गोष्ट या प्रयोगातून कळणार नाही, तीही सांगते. गुलाबी बोंडअळीचा पतंग उडतो, त्याला खुंटी कळत नाही. एका भागातून तो शेजारच्या भागात सहज जातो. म्हणून अळी कमी झाली का, याचा निकाल पाच गुंठ्यांत लागत नाही. त्यासाठी सगळ्या शिवाराने मिळून फरदड टाळायला हवी.

निकाल कसा लावायचा?

दहाही जणींच्या वह्या जमल्या की बैठकीत फळ्यावर दहा ओळी आखा. प्रत्येकीच्या शेतात कुठला भाग जिंकला ते लिहा. जिच्या शेतात फेरपालटीचा कापूस जास्त, तिच्यापुढे बरोबरची खूण. कमी असेल तर फुली.

आता विचार करा. बेवडाने काहीच फरक पडत नसता, तर प्रत्येक शेताचा निकाल म्हणजे नुसता नाणेफेकीचा खेळ. छापा की काटा, दोन्ही सारखेच. अशी दहा नाणी फेकली तर सहा किंवा जास्त छापे दर पाच वेळांत जवळपास दोनदा पडतात. सात किंवा जास्त, साधारण सहा वेळांत एकदा. आठ किंवा जास्त, साधारण १८ वेळांत एकदा. नऊ किंवा जास्त, ९३ वेळांत एकदा. दहाच्या दहा, १,०२४ वेळांत एकदा.

म्हणून दहापैकी सहा-सात खुणा आल्या तर हुरळून जाऊ नका, तेवढं नशिबानेही होतं. आठ आल्या तर कान टवकारा आणि आणखी एक वर्ष बघा. नऊ किंवा दहा आल्या तर म्हणायला हरकत नाही की हा नुसता योगायोग दिसत नाही. आणि तीनच शेतांत प्रयोग केला व तिन्ही जिंकले, तर? तसं नाणंही आठ वेळांत एकदा करून दाखवतं. मी तर एकाच शेतावरून यशोगाथा लिहिली होती!

जिंकलं की हरलं, याबरोबर किती किलोने तेही बघा. दहाही ठिकाणी एक-एक किलोच वाढला असेल तर बेवड खरा ठरेल, पण त्यावर घर चालणार नाही.

आणि फुल्या जास्त आल्या तर? त्याही फळ्यावर राहू द्या. यश आलं तरच वही दाखवायची आणि नाही आलं तर फाडायची, असं केलं तर पुढच्या गावातल्या बायांना आपणच फसवू.

शेवटचं

कर्ज घेतलेल्या त्या ताईंनी हप्ते फेडले. त्यासाठी त्यांना दोन शेळ्या विकाव्या लागल्या. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, चूक कबूल केली आणि हा प्रयोग समजावून सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तेव्हा वही असती तर निदान घरात सांगता आलं असतं, की शेजाऱ्यालाही कमीच झाला.”

घरात नवीन काही सुचवणाऱ्या बाईला पाऊस पडला नाही याचाही दोष घ्यावा लागतो. त्या वेळी बाजूच्या पाच गुंठ्यांचा आकडा तिच्या हातात हवा. त्या ताईंनी यंदा पहिल्या पाच जणींत नाव दिलं आहे. चिठ्ठी त्यांची नात काढणार आहे.

पुढच्या बैठकीत यावर बोला

१. आपल्या शिवारात कुठल्या पिकाचा बेवड चांगला मानतात? कुणी कधी मोजून पाहिलं आहे का?

२. मागच्या पाच वर्षांत आपल्या कापसाचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष कुठलं? दोन्हींत किती क्विंटलचा फरक होता?

३. गटातल्या कुणाकुणाकडे ताणकाटा आहे? दहा जणींत दोन काटे पुरतील का?

४. पहिल्या वर्षी कोण पाच जणी, दुसऱ्या वर्षी कोण? हेही चिठ्ठीनेच ठरवा.

नावं ठरली की आपल्या गटाच्या सचिवांकडे द्या. वह्या आखून मी पेरणीआधी घेऊन येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक